लाकडी कुंपण : बसविण्यापेक्षा राखण्यात बरकत

नागपूरची इतवारी आणि तिच्या शेजारचे लकडगंज मिळून लाकूडकामाला लागणारी बहुतेक प्रत्येक वस्तू देतात. आरा गिरणीतून कापून आलेली फळी, लोहा ओळीतले खिळे व स्क्रू, रंगाच्या दुकानातले तेल आणि वार्निश, घासकागद, ब्रश, सारे काही पायी फिरून गोळा करता येते. हार्डवेअर व रंगाच्या धंद्यात आपले बोहरा बांधव कित्येक पिढ्यांपासून आहेत. सुतारकाम व पॉलिश करणाऱ्या आपल्या अनेक कारागिरांची रोजीरोटी याच बाजारावर चालते. तरीही एक काम आपल्या हातून हळूहळू निसटत आहे, आणि त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते काम म्हणजे घराबाहेरचे लाकूड : कुंपण, फाटक, अंगणातला कठडा.

मागणी नाही असे मुळीच नाही. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला या जंगलांच्या वाटेवर रिसॉर्ट उभी राहिली आहेत, शहराभोवती फार्महाऊस झाली आहेत, आणि तेथे येणाऱ्या माणसाला तारेपेक्षा लाकूड बरे वाटते. काम मिळते, कुंपण दिमाखात उभे राहते. दोन पावसाळे जातात. खांब डोलू लागतात, वार्निशचे पापुद्रे सुटतात, पट्ट्यांची टोके काळी पडून भुसभुशीत होतात. मालक चिडतो आणि पुढच्या वेळी लोखंडी जाळी किंवा सिमेंटचे खांब लावून मोकळा होतो. नुकसान त्या एका कामाचे होत नाही. सुताराचे, पॉलिशवाल्याचे, तेल-रंग विकणाऱ्याचे आणि फळी कापणाऱ्याचे असे चौघांचे गिऱ्हाईक कायमचे जाते.

आमचे स्पष्ट मत असे की, दोष लाकडाचा नाही. दोष हा की आपण कुंपण विकतो आणि पाठ फिरवतो. लाकडी कुंपण ही एकदा विकून विसरण्याची वस्तू नव्हे. ते दरवर्षी थोडे काम मागते, आणि हे थोडे काम म्हणजेच कारागिराचा खरा धंदा होय. तो कसा करावा, याचा हा तपशील.

लाकूड कोठून कुजते?

पावसाने लाकूड कुजते, हा समज अर्धवट आहे. कुजविणारी बुरशी वाढण्यास लाकडात ओल टिकून राहावी लागते. लाकडातील ओल सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुज लागत नाही. उभ्या पट्टीच्या तोंडावर पडलेले पाणी दुपारच्या उन्हात सुकून जाते. घात होतो तो पाणी अडकते तेथे. अशा जागा तीनच : पट्टीचे टोक, दोन लाकडांचा जोड, आणि खांबाचा पाय.

लाकूड म्हणजे बारीक उभ्या नळ्यांची मोळी. झाड जिवंत असताना मुळाचे पाणी याच नळ्यांतून शेंड्याकडे जाते. फळी कापली की टोकाला या नळ्या उघड्या पडतात आणि बाजूपेक्षा टोक कित्येक पट वेगाने पाणी पिते. म्हणून जो कारागीर पट्टीच्या समोरच्या बाजूवर तीन हात मारतो आणि टोक कोरडे ठेवतो, त्याची मेहनत वाया जाते. योग्य पद्धत उलट आहे. पट्टीचे वरचे टोक सपाट न ठेवता उतरते कापावे, म्हणजे पाणी थांबत नाही. प्रत्येक टोक, मग ते वरचे असो वा खालचे, तेल पिणे थांबेपर्यंत तेलाने तृप्त करावे. खांबाच्या डोक्यावर लाकडाची किंवा पत्र्याची टोपी बसवावी.

जोडाच्या बाबतीत नियम एकच : जुळणी करण्यापूर्वी तेल द्यावे. कुंपण उभे झाल्यावर पट्टी व आडव्या दांड्याच्या मधल्या भागात ब्रश जात नाही. पाणी मात्र जाते. सर्व तुकडे जमिनीवर पसरून चारी बाजूंनी पहिला हात द्यावा, तो वाळू द्यावा आणि मगच ठोकाठोकी करावी. यात एक दिवस जास्त जातो, पण त्या एका दिवसाने कुंपणाचे आयुष्य काही वर्षांनी वाढते.

सागवान म्हटले म्हणजे झाले असे नव्हे

विदर्भाच्या सागवानाची कीर्ती सांगण्याची गरज नाही. आलापल्ली व बल्लारपूरकडचा सागवान देशभर जातो. २०२३ साली उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून गेला. परंतु टिकण्याचा गुण असतो तो सागाच्या तपकिरी गाभ्यात. बाहेरचा पांढरट भाग सागाचा असला तरी वाळवी आणि बुरशी यांच्यापुढे तो कोणत्याही हलक्या लाकडाइतकाच दुबळा असतो. कमी वयाच्या, लागवडीच्या झाडात हा पांढरा भाग जास्त निघतो. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतून कांडला बंदरात उतरणाऱ्या लागवडीच्या सागालाही हेच लागू आहे. म्हणून फळी घेताना नाव विचारू नये, फळी उलटून पाहावी. पांढरा भाग असलेली फळी घराआड चालेल, पण खांबाला ती कधीही वापरू नये.

बिजा हे आपल्याकडचे दुसरे टिकाऊ लाकूड. बाभूळ मजबूत असते, पण ती नीट वाळवलेली हवी. बाभूळ व बिजा यांतील तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून काळे डाग पाडते. म्हणून साधा खिळा न वापरता जस्त चढवलेला खिळा किंवा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू वापरावा. दोन पैसे वाचविण्यासाठी साधा खिळा मारला तर पहिल्याच पावसात प्रत्येक पट्टीवर काळा ओघळ दिसतो आणि गिऱ्हाईक तो बरोबर कारागिराच्या खात्यावर लिहिते.

इतवारी-महाल भागातील जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांचे सागवान विक्रीस येते. हे पूर्ण वाढलेल्या झाडांचे, वर्षानुवर्षे वाळलेले लाकूड असते आणि कुंपणाच्या खांबांना ते उत्तम. मात्र त्यातील जुने खिळे काढून घ्यावे, नाहीतर रंध्याचे पाते पहिल्याच फटक्यात जाते.

येथेच एक इशारा. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर आरा गिरण्यांच्या परवान्यांबाबत आणि लाकडाच्या वाहतुकीबाबत सरकारी नजर कडक झाली. लाकूड घेताना पक्के बिल घ्यावे, जेथे लागू असेल तेथे वाहतूक परवाना पाहावा आणि कागद जपून ठेवावेत. स्वस्त म्हणून बेहिशेबी माल घेणारा कारागीर पकडला जातो तेव्हा विकणारा सापडत नाही.

काळी माती आणि खांबाचा पाय

नागपूरच्या आसपास जेथे काळी माती आहे तेथे ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आक्रसते. दीड फूट खड्डा करून खांब गाडला की ही माती वर्षातून एकदा त्याला ढकलते व एकदा सोडून देते. खांब कलतो, दांडा निसटतो, आणि आपण म्हणतो लाकूड वाकले. उपाय हा की खड्डा काळ्या थराखाली मुरुमापर्यंत न्यावा.

खांब सरळ काँक्रीटमध्ये रोवण्याची पद्धत आहे, पण त्यात एक खोट आहे. लाकूड सुकून आक्रसले की काँक्रीट व लाकूड यांत फट पडते, तीत पाणी साचते, आणि खांब जणू पाण्याने भरलेल्या पेल्यात उभा राहतो. कुज नेमकी जमिनीच्या रेषेवर लागते, कारण तेथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. काँक्रीट करावयाचेच असेल तर खांबाच्या बुडाखाली गिट्टी टाकावी, म्हणजे पाणी खाली झिरपेल, आणि काँक्रीटचे तोंड बाहेरच्या बाजूस उतरते करावे.

त्याहून चांगला मार्ग लोहा ओळीतून जातो. लोखंडी पट्टीचा बूट करून घ्यावा, तो काँक्रीटमध्ये बसवावा आणि लाकडी खांब त्यात बोल्टने कसावा. बूड जमिनीपासून दोन-तीन इंच वर राहिले पाहिजे. वाळवीला जमिनीतून सरळ लाकडात चढता येत नाही; ती लोखंडावरून मातीची वाट बांधून येते आणि ती वाट डोळ्यांना दिसते. पुढे खांब खराब झालाच तर चार बोल्ट काढून बदलता येतो. ज्या लोखंडाने लाकडी कुंपणाचा धंदा खाल्ला असे आपण म्हणतो, त्याच लोखंडाचा एक तुकडा तो धंदा वाचवू शकतो.

खांबाचे टोक जाळून काळे करणे किंवा डांबर फासणे ही शेतकऱ्यांची जुनी रीत. वरवर जाळल्याने फारसे संरक्षण मिळत नाही, कारण कोळशाच्या थराला भेग पडली की आत कोरे लाकूडच असते. डांबर पूर्ण वाळलेल्या लाकडावरच लावावे. ओल्यावर लावले तर ओल आत कोंडली जाते.

रसायन मुरवलेले खांब हा आणखी एक मार्ग. जगभर दारादारातल्या कुंपणांना ज्या तांबे-क्रोमियम-आर्सेनिक मिश्रणाने दीर्घायुष्य दिले, ते १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेसन या आपल्या देशातील शास्त्रज्ञाने शोधले. पुढे त्यातील आर्सेनिकबद्दल काळजी वाढली आणि अमेरिकेत घरगुती वापरासाठी अशा लाकडाचे उत्पादन २००३ च्या अखेरीस थांबविण्यात आले. यातून आपण दोन गोष्टी घ्याव्या. रसायन दाबाने आत मुरवावे लागते, ब्रशने फासून भागत नाही. आणि असे लाकूड कापताना तोंडाला फडके बांधावे, त्याचे तुकडे चुलीत कधीही जाळू नयेत.

चकाकी हवी की टिकाऊपणा?

आपल्या पॉलिशवाल्यांचा हात कपाट-पलंगावर बसलेला आहे. चपड्याचे पॉलिश असो वा मेलामाइन, ते घराच्या आत शोभते. बाहेर चपडा पाण्याने पांढरा पडतो, आणि मेलामाइन कडक असल्याने लाकूड फुगताना-आक्रसताना तडकते. आतील कामाची बाटली बाहेरच्या कामाला वापरणे हे कुंपण बिघडण्याचे फार मोठे कारण आहे.

दुसरी चूक पारदर्शक वार्निशची. उन्हातील अतिनील किरण पारदर्शक थरातून आत जातात आणि लाकडाचे तंतू धरून ठेवणाऱ्या लिग्निन नावाच्या पदार्थाचा नाश करतात. वरचा वार्निशचा थर शाबूत असतो, पण तो ज्याला चिकटला तेच लाकूड खालून सुटते. मग पापुद्रे निघतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपुरात हे लवकर घडते.

किरण अडविण्यास रंगकण लागतात. म्हणून बाहेरच्या लाकडाला दोनच योग्य मार्ग. एक, प्रायमरसह अपारदर्शक ऑइल पेंट किंवा बाहेरच्या लाकडासाठी असलेला रंग. दुसरा, लाकडात मुरणारे रंगीत तेल. रंग उन्हापासून उत्तम बचाव करतो, पण जोडाशी तडकला की सारे खरवडून पुन्हा काम करावे लागते. मुरणारे तेल चकाकत नाही आणि ते लवकर विरते. पण ते पापुद्रा धरत नाही. धुवावे, वाळवावे, पुन्हा एक हात द्यावा, इतकेच. खरवडण्याची मजुरी वाचते. कुंपणासारख्या शेकडो कडा असलेल्या वस्तूत खरवडणे हेच सर्वांत महागडे काम आहे. त्यामुळे देखभालीचा धंदा करणाऱ्याने तेलाची शिफारस करावी असे आम्ही म्हणतो.

घरचे तेल : जवस

या कामाचे तेल आपल्या शेतात पिकते. जवस हे विदर्भाचे जुने रब्बी पीक. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्या वाणांवर संशोधन होते आणि एनएल ९७ सारखे वाण येथूनच निघाले. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. खोबरेल किंवा भुईमुगाचे तेल असे करीत नाही, ते लाकडावर चिकट राहून धूळ धरते. म्हणून उरलेले खाद्यतेल कुंपणाला फासण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

जवसाचे कच्चे तेल वाळण्यास अनेक दिवस घेते, आणि दमट हवेत त्यावर काळी बुरशी चढते. कामाला घ्यावे ते रंगाच्या दुकानातील उकळलेले, म्हणजे डबल बॉइल्ड तेल. यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असतात. ते खाण्याचे तेल नव्हे. जवसाचे तेल आपल्याकडे जेवणातही असते, म्हणून दुकानदारांनी दोन्ही डबे वेगळे ठेवावेत आणि गिऱ्हाइकाला तोंडी बजावावे.

पद्धत अशी. सागवानात स्वतःचे तेल असते, म्हणून आधी थिनर लावलेल्या फडक्याने पुसून घ्यावे. पहिला हात निम्मे तेल व निम्मे टर्पेंटाइन, म्हणजे ते खोल जाते. पुढचे दोन हात घट्ट, पण पातळ थराचे. प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासात लाकडाने न प्यालेले तेल फडक्याने पुसून काढावे. नाहीतर वर चिकट साय धरते. दोन हातांमध्ये किमान एक दिवस जाऊ द्यावा. रंगासाठी बारीक गेरू मलमलच्या कापडातून गाळून मिसळावा, लाकडाच्या रेषा दिसतील इतकाच. गेरू म्हणजे लोहाची माती, आणि तो उन्हाने विटत नाही. स्वीडनमध्ये फालूनच्या तांब्याच्या खाणीतून निघालेल्या अशाच लोहयुक्त मातीचा लाल रंग, पीठ आणि जवसाचे तेल यांसह, शतकानुशतके लाकडी घरांना लावला जात आहे. ती खाण १९९२ साली बंद झाली, तरी रंगाचे उत्पादन चालू आहे. एक साधी माती परदेशात नावाजलेला माल होते, आणि आपण तिच्याकडे पाहतही नाही.

दोन धोके

पहिला धोका आगीचा. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात टाकला तर ही उष्णता आत कोंडते आणि काही तासांनी, कोणी काडी न लावताही, चिंध्या पेट घेऊ शकतात. इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत लाकडाचा भुसा, थिनरचे डबे आणि अशा चिंध्या एकाच खोलीत असतात. संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी प्रत्येक चिंधी उघड्यावर एकेक पसरून वाळवावी किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावी. हा नियम शागीर्दाला पहिल्याच दिवशी शिकवावा.

दुसरा धोका शिशाचा. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये हा देशातील नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात आणि लाकडाच्या जुन्या प्रायमरमध्ये ते बरेच असू शकते. जुने रंगवलेले फाटक कोरडे घासले की ती धूळ कारागिराच्या छातीत आणि त्याच्या कपड्यांवरून घरातील लहान मुलांपर्यंत जाते. जुना रंग पाणी लावून ओल्या घासकागदाने काढावा, मास्क लावावा, खाली प्लास्टिक अंथरावे, आणि घरी जाण्यापूर्वी हात-तोंड धुऊन कपडे बदलावेत.

कोणत्या महिन्यात?

नागपूरला वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. लाकूड ऑक्टोबरातही आतून ओले असते. पाऊस थांबल्यावर दोन-तीन आठवडे उघडे ऊन मिळू द्यावे आणि मग काम सुरू करावे. ऑक्टोबरची अखेर ते फेब्रुवारी हा तेल-रंगाचा सर्वोत्तम काळ. एप्रिल-मेमध्ये टर्पेंटाइन इतक्या झटपट उडते की तेल मुरत नाही आणि ब्रशचे पट्टे दिसतात. काम करावेच लागले तर सकाळी, सावलीच्या बाजूने करावे.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष. ईदपूर्वी घर रंगविण्याची पद्धत असल्याने त्या दिवसांत काम भरपूर येते. पण आपले वर्ष चांद्र असल्याने ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येते. २०१६ साली रमजान ईद ७ जुलैस, म्हणजे ऐन पावसात होती. अशा वर्षी बाहेरचे लाकूड रंगवून घेऊ नये, दिवाळीनंतर करू असे गिऱ्हाइकास स्पष्ट सांगणेच हिताचे. २०२५ साली ती ३१ मार्चला आली. २०३० च्या सुमारास ती फेब्रुवारीच्या सुरुवातीस येईल. म्हणजे ईदची लगबग आणि लाकडाचा उत्तम ऋतू काही वर्षे हातात हात घालून चालणार आहेत. ही संधी कारागिरांनी ओळखावी.

मोजमापात नुकसान

पुष्कळ कारागीर कुंपणाचा दर लांबी गुणिले उंची असा लावतात आणि तेथेच पाण्यात जातात. एक उदाहरण पाहू. कुंपण ५० फूट लांब, ४ फूट उंच. ३ इंच रुंद, पाऊण इंच जाड पट्ट्या, मध्ये ३ इंच फट. म्हणजे फुटाला दोन, एकूण १०० पट्ट्या. एका पट्टीचा चारी बाजूंचा घेर साडेसात इंच. ४ फूट उंचीला अडीच चौरस फूट, आणि १०० पट्ट्यांचे २५० चौरस फूट. ३ बाय २ इंचाचे दोन आडवे दांडे : घेर १० इंच, लांबी १०० फूट, सुमारे ८३ चौरस फूट. ४ बाय ४ इंचाचे ११ खांब, साडेचार फूट उंच : ६६ चौरस फूट. एकूण सुमारे ४०० चौरस फूट.

लांबी-उंचीच्या हिशेबाने हेच काम २०० चौरस फूट दिसते. म्हणजे ज्याने २०० वर दर दिला त्याने निम्मे तेल आणि निम्मी मजुरी खिशातून घातली. मग तो भरपाई कोठे करणार? तिसरा हात गाळून आणि टोके कोरडी ठेवून. कुंपण दोन पावसाळ्यांत जाते ते पुष्कळदा या चुकलेल्या हिशेबामुळे. बरोबर माप सांगून थोडा जास्त दर मागणे ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हे. गिऱ्हाइकासमोर फूटपट्टी ठेवून ही बेरीज करून दाखवावी. समजदार माणूस मान्य करतो.

वहीतला धंदा

आता मुख्य मुद्दा. कुंपण बसविले त्याच दिवशी एका वहीत मालकाचे नाव, लाकूड, तेलाचा प्रकार, तारीख लिहून ठेवावी. मालकाच्या हाती एक साधी चिठ्ठी द्यावी : काय लावले, पुढचा हात केव्हा, आणि कशाची हमी नाही. लाकूड उन्हाने करडे होणे म्हणजे ते कुजणे नव्हे, हेही तीत लिहावे. पुष्कळ भांडणे याच गैरसमजातून होतात.

मग दरवर्षी पावसाळा सरल्यावर एक फेरी मारावी. प्रत्येक खांबाच्या पायाशी स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. सहज आत गेले तर कुज आहे. मातीच्या बारीक वाटा दिसल्या तर वाळवी आहे. खांबाशी साचलेली माती व पालापाचोळा दूर करावा, सैल स्क्रू कसावे. शेवटी पट्टीवर पाणी शिंपडावे. थेंब गोल राहिले तर तेल अजून जिवंत आहे, मालकाचा खर्च वाचवावा व तसे सांगावे. पाणी काही मिनिटांत शोषले गेले तर एक हात देण्याची वेळ झाली. खराब झालेली एकच पट्टी बदलावी. सगळे कुंपण काढण्याचा सल्ला देऊन एकदाच मोठी कमाई करणारा पुन्हा त्या दारात जाऊ शकत नाही.

अशा वीस-पंचवीस कुंपणांची वही ज्याच्याजवळ आहे, त्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी काम शोधत फिरावे लागत नाही. दुकानदारांनाही यात फायदा आहे. ज्या कारागिराला खात्रीने दरवर्षी तेल लागते, त्याला उधारी देण्यात जोखीम कमी. रंगाच्या दुकानाने, सुताराने आणि लोखंडी बूट करणाऱ्याने एकमेकांची नावे गिऱ्हाइकाला द्यावीत. इतवारीत हे तिघे हाकेच्या अंतरावर असतात.

लोखंडी जाळी आणि सिमेंटचे खांब बाजारातून जाणार नाहीत, आणि त्यांच्याशी किमतीत स्पर्धा करून लाकूड जिंकणारही नाही. लाकडाची बाजू एवढीच की ते दुरुस्त होते, आणि दुरुस्त करणारा हात आपला आहे. ज्या कारागिराने यंदा कुंपण बसविले असेल त्याने पाऊस थांबल्यावर स्क्रू ड्रायव्हर व पाण्याचा तांब्या घेऊन त्या घरी जावे. न बोलावता आलेल्या कारागिराला विसरणारा मालक आम्हांस अद्याप भेटलेला नाही.